घरून काम आणि रविवारची मुंबई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुलुंडला राहते. काही वर्षांपूर्वीपर्यंत रोज सकाळी फास्ट लोकल पकडून फोर्टात ऑफिसला जायचे. आता ऑफिस म्हणजे जेवणाच्या टेबलाची खिडकीकडची बाजू. शनिवार-रविवारी मी जुनी मुंबई बघत फिरते हे कळल्यापासून नणंदेपासून टीममधल्या नव्या मुलांपर्यंत सगळे तेच ते प्रश्न विचारतात. नोकरीसाठी इथे येऊन भाड्याच्या खोलीत बसून काम करणारी, पण मुंबई अजून न पाहिलेली मुलं तर फारच. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतेय.

घरून काम म्हणजे वेळच वेळ. मग मधल्या वारी का जात नाहीस?

हा प्रश्न घरून काम न करणारेच विचारतात. प्रवासाचे दोन-अडीच तास वाचले हे खरं, पण ते माझ्या हाती कुठे लागले? सकाळचा तास कुकरने घेतला, संध्याकाळचा कॉलने. शिवाय "तू घरीच असतेस ना" म्हणून शेजारच्यांचं कुरिअर, सिलिंडरवाला, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची किल्ली हे सगळं माझ्याकडे.

जे गेलं ते मात्र लगेच कळलं नाही. लोकलच्या पासात शहर फुकट मिळायचं. रोज दोनदा सीएसएमटीच्या आवारातून जायचे, हुतात्मा चौक ओलांडायचे. वर मान करून काही बघत नव्हते, पण पायाखाली तरी यायचं. घरून काम सुरू झाल्यावर एकदा लक्षात आलं, की तीन आठवडे मी मुलुंड स्टेशनचा पूलसुद्धा ओलांडलेला नाही. शहर आपोआप भेटेनासं झालं, म्हणून आता त्याच्यासाठी वार नेमावा लागतो.

आमची शिफ्ट अमेरिकेच्या वेळेची. शुक्रवार संपतो तेव्हा शनिवारची पहाट झालेली असते. मग फिरायचं कधी?

न्यूयॉर्कमध्ये शुक्रवारचे संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात शनिवारचे पहाटेचे अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन झालेले असतात. म्हणजे तुमची दोन दिवसांची सुट्टी कागदावरच. लंडनवाल्यांचं बरं असतं, त्यांचे साडेपाच म्हणजे आपले रात्रीचे दहा किंवा अकरा.

माझा साधा नियम आहे: अमेरिकेची शिफ्ट असेल तर शनिवार झोपेचा. सकाळी लवकर उठून घारापुरीच्या लेण्यांचं बेट गाठण्याचा पराक्रम मी एकदा केला आणि येताना बोटीत बसल्या बसल्या अशी झोपले, की गेटवेला शेजारच्या आजींनी हलवून उठवलं. शनिवारी फार तर संध्याकाळी घराजवळचं काही. खरं फिरणं रविवारी, तेही सकाळी. शनिवारी दुपारी चारपर्यंत झोपलात तर रविवारची सकाळ गेलीच, म्हणून गजर अकराचा लावा आणि रात्री वेळेवर आडवे व्हा.

पण रविवारी मेगाब्लॉक असतो ना?

असतो. रुळांच्या कामासाठी काही तास गाड्या बंद किंवा वळवलेल्या. मध्य आणि हार्बरवर बहुतेक दर रविवारी कुठे ना कुठे असतोच, पश्चिमवाल्यांचा जम्बोब्लॉक वेगळा. आम्हा मुलुंडकरांच्या नशिबी माटुंगा-मुलुंड हा टप्पा इतक्यांदा येतो, की घरातला लहान पोरगाही 'अप धीम्या मार्गावरील' अशी घोषणा तोंडपाठ म्हणतो.

यावर उपाय एकच, ब्लॉकच्या आधी जाऊन येणं. ब्लॉक साधारण सकाळी दहा-अकराच्या सुमाराला सुरू होतो आणि दुपारी साडेतीन-चारपर्यंत चालतो. शनिवारच्या पेपरात वेळ येते, ती बघा. मी सव्वासहाची गाडी पकडते. रविवारी त्या वेळेला खिडकी मिळते, जी आठवड्यातल्या माझ्या जुन्या आयुष्यात वर्षातून चारदा मिळत असेल. सव्वासातला सीएसएमटी, साडेनऊ-पावणेदहाला परतीची गाडी. घरी आल्यावर आंघोळ, जेवण, झोप. अर्धा दिवस शहराला, अर्धा घराला. कोणी रुसत नाही.

पश्चिम उपनगरातल्यांना आता भुयारी मेट्रो आहे. आरे ते कफ परेड हा सगळा मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. हुतात्मा चौक, चर्चगेट, काळबादेवी, गिरगाव अशी स्टेशनं आहेत, म्हणजे थेट जुन्या मुंबईच्या पोटातच बाहेर पडता. बोगद्यात फोनच्या रेंजवर मात्र विसंबू नका, विशेषतः ऑन-कॉल, म्हणजे फोन आला की लगेच कामाला बसायच्या पाळीवर, असाल तर.

सुरुवात कुठून करू?

सीएसएमटीपासून. नाकं मुरडू नका. माझ्या ओळखीतल्या रोज तिथे उतरणाऱ्या दहातल्या नऊजणांनी ते स्टेशन पाहिलेलं नाही, त्यात मीही होते. तिकिटाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभी राहिले, पण नजर कायम पुढच्याच्या मानेवर किंवा इंडिकेटरवर. पहिल्या रविवारी काही घाई नव्हती म्हणून वर पाहिलं, तर ज्याला मी तिकीटघर म्हणत होते ते एखाद्या चर्चसारखं कमानींचं दालन निघालं. खांबांच्या माथ्यावर दगडी पानं, त्या पानांत लपलेले पक्षी आणि प्राणी. हे कोरीव काम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलेलं.

बाहेर या आणि मुख्य इमारतीच्या फाटकाचे दोन खांब शोधा. एकावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ आपला. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आराखडा केलेल्या या इमारतीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि १८८८ मध्ये संपलं. समोर महापालिकेची इमारत आहे, तीही त्याचीच, १८९३ची. दोन्हींच्या मधोमध एरवी टॅक्सी आणि बसची अशी झुंबड असते, की उभं राहणं शक्य नाही. रविवारी सकाळी सात वाजता राहता येतं.

तिथून दादाभाई नवरोजी रोडने, म्हणजे जुन्या हॉर्नबी रोडने, कमानींखालून चालत निघा. डोक्यावर छप्पर असल्यामुळे ऊनपाऊस दोन्ही चालतं. दहा-पंधरा मिनिटांत फ्लोरा फाउंटन येतं. कारंजं १८६४चं, आणि ते उभं आहे तिथे किल्ल्याचा एक दरवाजा होता. फोर्ट हे नुसतं नाव नाही, खरोखर तटबंदी होती. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात ती पाडली. या दरवाज्यातून आत गेलं की सेंट थॉमस चर्च, म्हणून तो चर्च गेट. दरवाजा गेला, चर्च स्टेशनपासून लांब, पण स्टेशनला नाव राहिलं. कारंज्याशेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. तिथे दोन मिनिटं थांबा. ही मुंबई महाराष्ट्रात आहे ती त्यांच्यामुळे.

पुढे सेंट थॉमस चर्च १७१८चं. जुन्या मुंबईतले मैल इथून मोजायचे. त्याच्या पुढे हॉर्निमन सर्कलची बाग आणि एशियाटिकच्या त्या प्रसिद्ध पायऱ्या. टाउन हॉल १८३३चा, तिथे बसून पाणी प्या. झालं. दीड-पावणेदोन किलोमीटर चालणं, दोन तास, खर्च लोकलच्या तिकिटाचा. हॉर्निमन म्हणजे स्वातंत्र्यलढ्याची बाजू घेणारा 'बॉम्बे क्रॉनिकल'चा इंग्रज संपादक. त्याच्या नावाआधी या जागेला गव्हर्नर एल्फिन्स्टनचं नाव होतं. गव्हर्नरचं नाव काढून संपादकाचं दिलेली जागा दुसरी कुठे असेल?

एका दिवसात किती ठिकाणं होतात?

एक. दोन म्हणणारा टूर काढतो, फिरत नाही.

फक्त ओव्हल मैदानाला सूट देते, कारण तिथे एका जागी उभं राहून दोन शहरं दिसतात. मैदानाच्या मध्ये, क्रिकेटचा चेंडू लागणार नाही अशा बेताने उभे राहा. रविवारी तिथे एकाच वेळी इतके सामने चालतात, की एकाचा मिडऑन दुसऱ्याचा थर्डमॅन असतो. पूर्वेला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, दोन्ही १८७८ची, टोकदार कमानी, दगडी नक्षी. टॉवरसाठी प्रेमचंद रायचंदांनी पैसे दिले आणि आईचं नाव लावलं, उंची २८० फूट. पश्चिमेला वळा, तर १९३०च्या दशकातल्या गुळगुळीत गोलाईच्या, जहाजासारख्या आर्ट डेको इमारती. मधे नुसतं गवत. या दोन्ही बाजू आणि मरीन ड्राइव्ह वगैरे मिळून ९४ इमारतींना युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारसा म्हटलं. त्याआधी सीएसएमटीला २००४ मध्ये आणि घारापुरीला १९८७ मध्ये.

लॅपटॉप बरोबर घेऊ का? एखादा कॉल तिथूनच करता येईल.

घेऊ नका.

मी घेतला होता. वाळकेश्वरला बाणगंगेवर. रविवारी सॉफ्टवेअरची रिलीज होती आणि "पंधरा मिनिटांचा तर कॉल आहे" असं मीच मला समजावलं. तलावाच्या पायऱ्यांवर सावलीत बसले, मांडीवर लॅपटॉप, फोनचा हॉटस्पॉट. शिलाहारांच्या काळातला, १२व्या शतकातला हा तलाव. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी पाणी गोडं. कॉल सुरू झाला आणि मागच्या देवळात आरती. म्यूट करावं तर माझाच भाग सांगायचा होता. पलीकडच्या माणसाने अतिशय सभ्यपणे विचारलं, की तुमच्याकडे लग्न आहे का, आपण नंतर बोलू या का? तेवढ्यात तलावातली बदकं पायरीवर चढून माझ्या डब्याकडे निघाली. पंधरा मिनिटांचा कॉल पाऊण तास चालला, स्क्रीन उन्हात दिसेना, आणि बाणगंगा मी त्या दिवशी पाहिली असं म्हणता येणार नाही. कामही धड झालं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा जावं लागलं, रिकाम्या हाताने.

ऑन-कॉल असेन तर घरातच बसायचं का?

नाही, पण जागा निवडून. ज्या जागेहून तासाभरात लॅपटॉपपाशी पोचता येईल अशीच घ्या. मी ऑन-कॉलच्या आठवड्यात सायनचा किल्ला करते. गर्दी नसते, चढ दहा मिनिटांचा, वरून पूर्वेची खाडी दिसते. सतराव्या शतकात कंपनी सरकारच्या हद्दीचं हे टोक होतं, पलीकडचं साष्टी बेट पोर्तुगीजांचं. किल्ल्याची अवस्था बघून जीव तुटतो, त्याची तयारी ठेवा. ऑन-कॉलमध्ये घारापुरी किंवा कान्हेरी कधीच नाही. बोट आपल्यासाठी मागे फिरत नाही.

घारापुरीला कसं जमवायचं?

घारापुरीला मात्र अर्धा दिवस पुरत नाही, म्हणून ज्या आठवड्यात शुक्रवारी वेळेवर लॉगऑफ झालंय तो शनिवार तिच्यासाठी राखा. शनिवारी मेगाब्लॉकची कटकट नाही आणि गर्दी रविवारपेक्षा कमी. गेटवेहून सकाळी नऊच्या सुमाराला बोटी सुटू लागतात, तासाभराचा प्रवास. पहिल्या बोटींपैकी एक पकडा. लाइफ जॅकेट देतील ते हातात धरून फोटो काढायला नसतं, अंगात घाला.

धक्क्यावरून पायऱ्या लागतात, शंभरावर आहेत, दुतर्फा माळा-टोप्यांची दुकानं. माकडांसमोर पिशवीतून काही काढू नका. मुख्य लेण्यात गेल्यावर थेट समोरच्या त्रिमुखी मूर्तीकडे धाव घेऊ नका. आधी अंधाराला डोळे सरावू द्या. मग ती सुमारे २० फुटांची सदाशिवमूर्ती हळूहळू पुढे येते. मधला मुखवटा शांत, डोळे मिटलेले. एका बाजूला अघोर, मिशा आणि कपाळावर आठी. दुसऱ्या बाजूला हातात कमळ धरलेला बाईसारखा कोवळा चेहरा. मी तिसऱ्यांदा गेले तेव्हा अघोराच्या जटेतली कवटी दिसली. पहिल्या दोन खेपांत मी मूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढत होते.

बेटावर गावं आहेत, शेती आहे. मुंबईच्या दिव्यांसमोर असूनही या गावांत पक्की वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. जेटीवरच्या एका मावशींकडून कैरी घेताना त्यांनी हे सांगितलं. "समोर सगळं लखलखायचं, आणि आमच्याकडे जनरेटर सातला लावून दहाला बंद." वीज गेली की वायफाय गेलं म्हणून आकांत करणारी मी गप्प कैरी खाल्ली.

सोमवारी लेणी बंद. लाँग वीकेंडला सोमवारची सुट्टी मिळाली म्हणून गेटवेला जाऊन हात हलवत परतणारे दर वेळी दिसतात.

पावसाळ्याचे चार महिने काय करायचं?

कान्हेरी. बाकी बरंचसं पावसाळ्यात बंद ठेवावं लागतं, कान्हेरी मात्र पावसाळ्यातच खरी खुलते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. साधारण इसवीसनपूर्व पहिल्या शतकापासून पुढे हजारेक वर्षं तिथे भिक्खू राहत होते. एवढ्या माणसांना डोंगरावर पाणी कुठून? ते पावसात गेल्याशिवाय कळत नाही. कातळात कोरलेले पन्हळ दिसतात, बोटभर रुंद, हातभर रुंद. लेण्याच्या कपाळावरून पाणी बाजूला काढून टाक्यात, ते भरलं की खालच्या टाक्यात. शिलालेखांत या टाक्यांना पोढी म्हटलंय आणि कोणी दान दिलं त्यांची नावं आहेत. कल्याणचे, सोपाऱ्याचे व्यापारी. म्हणजे आमच्या मध्य रेल्वेचे आणि त्यांच्या पश्चिम रेल्वेचे पूर्वज एकाच डोंगरावर देणगी देत होते.

फाटकापासून लेणी बरीच आत आहेत, उद्यानाची बस असते. सोमवारी हेही बंद. मला वैताग एवढाच, की हेच जंगल मुलुंडला माझ्या मागे उभं आहे आणि फाटकासाठी मला अख्खा डोंगर वळसा घालून बोरिवली गाठावी लागते.

पावसात बोटीचं मनात आणू नका. निघण्याआधी भरतीची वेळ बघा. मोठी भरती आणि मोठा पाऊस एका वेळी आले, तर रविवारीही लोकल बसते.

"शनिवारी फक्त अर्धा तास" म्हणणाऱ्या मॅनेजरला काय सांगायचं?

कारण सांगू नका, बेत सांगा. "शनिवारी नको" म्हटलं की चर्चा सुरू होते. "शनिवारी नऊच्या बोटीने घारापुरीला जातेय, साडेतीननंतर फोन करा" म्हटलं, की समोरचा माणूस विचारतो, तिकडे काय आहे? माझ्या एका साहेबांनी असंच विचारलं आणि पुढच्या महिन्यात कुटुंबासह जाऊन आले. त्यानंतर माझ्या शनिवारांना त्यांनी हात लावला नाही. सगळेच असे नसतात. दुसऱ्या एकाच्या हाताखाली तीन महिने मी प्रत्येक शनिवारी कामाला बसले आणि कॉम्प ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, मागितला, तर "तू तर घरूनच करतेस ना" हे उत्तर मिळालं. तिथे काही युक्ती चालत नाही.

खायचं काय? फोर्टात रविवारी सगळं बंद दिसतं.

ऑफिसांच्या जिवावर चालणारी हॉटेलं, ऑफिस बंद तर तीही बंद. म्हणून फोर्ट बघून झाल्यावर धोबीतलावाकडे चाला. तिथे १९०४ पासूनचं क्यानी आहे. ब्रून-मस्का आणि चहा. ब्रून चहात बुडवूनच खायचा, दात आपलेच असतात. गिरगावात असाल तर मिसळ. दादरला गाडी बदलायची असेल तर साबुदाणा वडा आणि पियूष, मग घरी जेवायला बसल्यावर भूक नाही म्हणून बोलणी खा.

सासूबाई आणि मुलं बरोबर असतील तर?

सासूबाईंना पायऱ्या नकोत, मुलांना इतिहास नको. दोघांना मणिभवन चालतं. गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की गावदेवीच्या या घरात राहत. वरच्या मजल्यावर छोट्या बाहुल्यांचे देखावे आहेत, मुलं काचेला नाक लावून उभी राहतात. आमच्या सासूबाईंना खालचं ग्रंथालय सोडवेना. पुरातत्त्व खात्याच्या लेण्यांना पंधरा वर्षांखालच्या मुलांचं तिकीट लागत नाही, एवढंही लक्षात ठेवा.

मी मुंबईचीच. हे सगळं शाळेच्या सहलीत बघून झालंय. पुन्हा काय बघायचं?

माझंही झालं होतं. राणीची बाग तर चौथीत. तिथला दगडी हत्ती आठवतो, त्याच्या शेजारी बसून डबा खाल्ला होता. तो कुठला, कोणी सांगितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात तीन रविवारांत तो कळला. पहिल्या रविवारी काळा घोडा. तिथे आता जो घोडा आहे तो २०१७ मध्ये बसवलेला, त्याच्यावर स्वार नाही. मूळच्या घोड्यावर राजपुत्र होता, पुढचा सातवा एडवर्ड. १९६५ मध्ये तो पुतळा हलवला. मग घारापुरी, पोर्तुगीजांनी तिला एलिफंटा नाव दिलं ते धक्क्याजवळच्या एका दगडी हत्तीवरून, आणि तो हत्ती बेटावर नाही. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायला उचलला, साखळी तुटली, हत्ती पडून फुटला. तुकडे मुंबईत पडून राहिले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडले.

तिसऱ्या रविवारी भायखळ्याला उतरले. १८७२ मध्ये उघडलेलं भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि त्याला लागून राणीची बाग. घोडा, स्वारासकट, तिथेच. आणि हत्तीही तिथेच, माझा डबा खाण्याचा हत्ती. जवळून पाहिलं तर अंगावर सांध्यांच्या रेघा दिसतात.

बुधवारी जाऊ नका, बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतं.